मॉब फार्म रिकामा का राहतो?
मॉब फार्म म्हणजे माइनक्राफ्ट या गेममध्ये झोंबीसारखे शत्रू जीव (मॉब) उगवावेत आणि उंचावरून पाडून मारता यावेत म्हणून बांधलेली अंधारी खोली. या गेमच्या जावा आवृत्तीत 1.18 पासून झोंबी, स्केलेटन, क्रीपर उगवायला टॉर्चसारख्या वस्तूंचा उजेड चक्क 0 लागतो. आत एक टॉर्च विसरलात, तरी त्याच्याभोवती 13 ब्लॉकपर्यंत काही येणार नाही.

अंधार असूनही खोली रिकामी? मग तुम्ही कुठे उभे आहात ते बघा. 24 ब्लॉकच्या आत मॉब उगवत नाही, 128 च्या पलीकडचा लगेच गायब होतो. एकट्याने खेळताना एका वेळी असलेल्या मॉबची मर्यादा साधारण 70. ती आसपासच्या गुहांत उगवलेले मॉबच भरून टाकतात. गुहा उजळत बसण्यापेक्षा फार्म आकाशात उंच बांधा.

मॉब खाली पडण्याची उंची 22 ब्लॉक ठेवा. झोंबीच्या 20 पैकी 19 जीव जातो, उरलेला एका ठोशात. 23 केलीत तर तो पडूनच मरतो, तुम्ही मारल्यावर मिळणारे अनुभवाचे गोळे (XP) बुडतात.