युद्धकाळातील विमानांची चांदीची नाणी कशी जमवावीत

या विषयाचा संग्रह नव्याने सुरू करणाऱ्याने कॅनडाच्या शाही टांकसाळीच्या हवाई मालिकेपासून सुरुवात करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. 1990 ते 1999 या दहा वर्षांत दरवर्षी दोन, अशी वीस डॉलर दर्शनी मूल्याची एकूण वीस नाणी या मालिकेत निघाली. प्रत्येकावर एक विमान असून त्याच्याशी संबंधित व्यक्तीचा चेहरा सोन्याचा मुलामा दिलेल्या अंडाकृती चौकटीत कोरलेला आहे. वजन, व्यास आणि धातू सर्व नाण्यांत सारखेच असल्यामुळे एक नाणे नीट पारखता आले की उरलेली पारखणे सोपे जाते.

मात्र वीसच्या वीस नाणी घेण्याची घाई करू नये, कारण त्यांतली बरीच विमाने शांतताकाळातील आहेत. युद्धकाळापुरतेच जमवायचे असेल, तर 1990 ची जोडी आधी मिळवावी. तिच्यातील एका नाण्यावर ॲन्सन आणि हार्वर्ड ही प्रशिक्षण विमाने आणि कॅनडाच्या हवाई दलातील अधिकारी रॉबर्ट लेकी यांचा चेहरा आहे. डिसेंबर 1939 मध्ये करार होऊन उभ्या राहिलेल्या राष्ट्रकुल हवाई प्रशिक्षण योजनेतून कॅनडात 1,30,000 हून अधिक वैमानिक आणि विमानकर्मी तयार झाले, आणि हे नाणे त्या कामाची आठवण आहे. हार्वर्डवर पुढे आपल्या हवाई दलाचे वैमानिकही शिकले, म्हणून मला हे नाणे विशेष जवळचे वाटते. जोडीतील दुसरे नाणे लँकेस्टर या बॉम्बफेकी विमानाचे आहे. चार इंजिने आणि शेपटीच्या दोन टोकांना दोन उभे पंख या खुणांवरून ते लगेच ओळखता येते. या जातीची 430 विमाने कॅनडातच, ऑन्टॅरिओतील माल्टन येथे बांधली गेली. पहिल्या महायुद्धासाठी 1992 चे कर्टिस जेएन-4 कनक हे नाणे घ्यावे, म्हणजे तीन नाण्यांत दोन्ही युद्धे येतात.

किंमत ठरवण्याआधी धातूचा हिशेब मांडावा. नाण्याचे वजन 31.103 ग्रॅम, व्यास 38 मिलिमीटर आणि चांदी 92.5 टक्के आहे, म्हणजे शुद्ध चांदी साधारण 28.77 ग्रॅम भरते. सराफाकडील त्या दिवसाच्या भावाने या चांदीची किंमत काढावी, म्हणजे विक्रेता वरचे पैसे कशासाठी मागतो आहे ते उघड होते. हे वरचे पैसे मूळ पेटी, प्रमाणपत्र आणि निर्दोष पृष्ठभाग यांसाठीच द्यावेत. परदेशातून मागवताना टपालखर्च आणि सीमाशुल्क यांची चौकशी मागणी नोंदवण्याआधीच करावी.

नाणे हातात आल्यावर ते कॅप्सूलमधून, म्हणजे त्याच्या पारदर्शक कडक डबीतून, न काढता दिव्याखाली हळूहळू तिरपे करून भिंगातून पाहावे. प्रूफ नाण्याची, म्हणजे संग्राहकांसाठी खास झळाळी देऊन पाडलेल्या नाण्याची, पार्श्वभूमी आरशासारखी काळीभोर दिसते आणि विमानाचा उठाव दुधाळ पांढरा राहतो. त्या आरशावर एकाच दिशेने गेलेले केसासारखे बारीक ओरखडे दिसले, तर कोणीतरी नाणे पुसले आहे असे समजावे आणि ते परत करावे. सोनेरी चौकटीची कडा विशेष बारकाईने तपासावी, कारण तेथील मुलामा पातळ असतो आणि पुसण्याने आधी तोच झिजतो.

ब्रिटिश टांकसाळीने 2018 मध्ये शाही हवाई दलाच्या शताब्दीनिमित्त काढलेले स्पिटफायरचे दोन पौंडांचे नाणे या संग्रहात शोभते. मुंबईकरांसाठी त्यात आणखी एक धागा आहे: दुसऱ्या महायुद्धात 132 क्रमांकाची ‘सिटी ऑफ बॉम्बे’ स्क्वाड्रन स्पिटफायरच उडवीत असे. हे नाणे घेताना सावध राहावे, कारण हेच चित्र साध्या धातूच्या नाण्यावरही आहे. दोन्हींचे वजन 12 ग्रॅमच असते, त्यामुळे वजनावरून फरक कळत नाही; चांदीच्या प्रूफ आवृत्तीच्या प्रमाणपत्रावर मात्र धातूचा स्पष्ट उल्लेख असतो. मार्शल बेटांच्या 1991 च्या विमान मालिकेतही पन्नास डॉलरची नाणी चांदीची आणि दहा डॉलरची पितळेची आहेत, त्यामुळे केवळ छायाचित्र पाहून पैसे पाठवू नयेत.

शेवटी साठवण. माझे लँकेस्टर मी एका पावसाळ्यात मऊ प्लास्टिकच्या पाकिटात ठेवले होते, आणि दिवाळीत उघडले तेव्हा पृष्ठभागावर चिकट हिरवट थर आला होता. तो आरसा पुन्हा पूर्ववत झाला नाही. म्हणून पीव्हीसीची पाकिटे पूर्णपणे टाळावीत, नाणे कडक कॅप्सूलमध्ये ठेवावे आणि डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवून त्या दर पावसाळ्याच्या तोंडावर बदलाव्यात. रबर, लोकर आणि वर्तमानपत्राचा कागद नाण्यांजवळ ठेवू नये, कारण त्यांतील गंधकाने चांदी काळवंडते. काळवंडलेले नाणे चांदीच्या भांड्यांच्या पावडरीने कधीही घासू नये. हाताळावेच लागले, तर सुती हातमोजे घालून आणि खाली मऊ कापड अंथरून ते फक्त कडेने धरावे.