आरसी (रिमोटवर चालणाऱ्या) गाडीतला अडकलेला स्क्रू: आधी माती, मग उष्णता, जोर शेवटी

सोलापूरची काळी माती पावसात स्क्रूच्या खाचेत शिरते आणि वाळली की विटेसारखी घट्ट बसते. मग अ‍ॅलन की (षटकोनी टोकाचा पाना) पूर्ण आत जात नाही, वरच्या वर अडकते. तशीच पिरगाळली की खाचेचे कोपरे गोल होतात. त्यामुळे पाना उचलायच्या आधी दाभण घ्या. खाच तळापर्यंत कोरा, जुन्या टूथब्रशने झाडा, थेंबभर पाणी सोडून परत कोरा.

बॅटरी काढून ठेवा. गाडीखाली जुनी चादर अंथरा. टॉवेल नको, त्याच्या फाशांत ई-क्लिप (दांडीच्या खाचेत बसणारी ई-आकाराची बारीक चकती) गेली की सापडत नाही.

की मापाचीच हवी. एम३ (३ मिमी जाडीच्या) स्क्रूचं डोकं गोल बटनासारखं असेल तर २ मिमी, उभ्या टोपीसारखं असेल तर २.५ मिमी, आणि बिनडोक्याच्या एम३ ग्रब स्क्रूला १.५ मिमी. टोक झिजून गोल झालेली की फेकून द्या किंवा झिजलेला भाग कापून टोक सपाट घासून घ्या.

सगळ्यात जास्त छळतो तो पिनियनचा, म्हणजे मोटरच्या शाफ्टवरच्या छोट्या दातेरी चाकाचा, ग्रब स्क्रू. तो थ्रेडलॉक (आटे सैल होऊ न देणारा चिकट द्रव) लावून बसवलेला असतो. निळं थ्रेडलॉक बहुधा नुसत्या हाताने सुटतं. लाल असेल तर साधारण २५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवल्याशिवाय हलत नाही. सोल्डरिंग आयर्नचं टोक थेट ग्रब स्क्रूवर २० ते ३० सेकंद टेकवा, लगेच की घाला, आत दाबून धरा आणि सावकाश फिरवा. मोटरच्या डब्यावर ओलं फडकं गुंडाळायला विसरू नका. ब्रशलेस मोटरमधली निओडिमियम चुंबकं जास्त तापली की कायमची कमजोर होतात. म्हणून इथे हीट गन वापरूच नये. पहिल्या खेपेला नाही सुटला तर मोटर गार होऊ द्या, मग पुन्हा.

खाच गोल झालीच असेल तर १.५ मिमीच्या खाचेत टी-६ टॉर्क्स बिट (चांदणीसारख्या टोकाचा) हलक्या हातोडीने ठोकून बसवा. २ मिमीला टी-८, २.५ मिमीला टी-१० चालतो. टॉर्क्सचे कोपरे नव्या धातूत रुततात. ठोकताना पिनियनला खालून लाकडाचा आधार द्या, नाहीतर मार शाफ्टवर आणि बेअरिंगवर जातो. तेही फसलं तर ग्रबच्या भोकाशेजारून पिनियनच कटिंग डिस्कने चिरा. पिनियन स्वस्त, मोटर महाग. पण त्याआधी मोटरची भोकं टेपने बंद करा, कारण लोखंडाचा कीस चुंबकाकडे धावतो.

ग्रब निघूनही पिनियन सरकत नसेल तर शाफ्टवर ग्रबने उठवलेली कड अडवत असते. छोटा पुलर (पिनियन खेचून काढायचं अवजार) लावा. मोटरवर स्क्रूड्रायव्हर टेकवून उचकटलं तर शाफ्ट वाकतो.

प्लॅस्टिकमधल्या स्क्रूचा हिशेब वेगळा. आयर्न पाच-सात सेकंदच टेकवा. नायलॉन मऊ झालं की आटे स्क्रूबरोबर निघून येतात. स्क्रूचं डोकं तुटून दांडी आत राहिली आणि थोडीशी वर दिसत असेल तर पक्कडीने धरून फिरवा. दिसत नसेल तर डाव्या आट्यांचा ड्रिल बिट वापरा. भोक पाडता पाडता दांडीच उलटी फिरून बाहेर येते. हे जमत नसेल तर अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या लेथवाल्याकडे न्या.

हबमधलं (चाक बसतं त्या तुकड्यातलं) बेअरिंग चिकटलं असेल तर हब दोन मिनिटं गरम पाण्यात ठेवा. प्लॅस्टिक पोलादापेक्षा जास्त फुगतं, मग बेअरिंग बाहेरच्या कड्यावर ठोकल्यावर निघतं. आतल्या कड्यावर ठोकू नका, छर्‍यांच्या वाटेत खड्डे पडतात. गंजतेलाचा फवारा पारदर्शक पॉलिकार्बोनेट बॉडीवर उडू देऊ नका, काही तेलांनी तिला तडे जातात.

परत जोडताना थ्रेडलॉक फक्त धातूत धातूला, तेही एकच थेंब. प्लॅस्टिकमध्ये ते नीट सुकत नाही आणि प्लॅस्टिक ठिसूळ करतं. तिथे स्क्रू आधी उलटा फिरवा, ‘टक्’ करून जुन्या आट्यात बसला की मगच आवळा.