दुसऱ्यांदा मुंबई बघायला निघालात? या चुका टाळा

गेटवे, मरीन ड्राइव्ह, सिद्धिविनायक, हाजी अली, घारापुरी हे सगळं पहिल्या खेपेला होऊन जातं, आणि ते व्हायलाच हवं. दुसऱ्या खेपेला माणसं उत्साहाने ‘वेगळी मुंबई’ बघायला येतात आणि संध्याकाळी दमून, चिडून परततात. सांगली-नाशिकहून येणाऱ्या पाहुण्यांना फिरवताना मी हे अनेकदा पाहिलंय. जागा चांगल्याच असतात, पण वार चुकतो, वेळ चुकते किंवा स्टेशनची बाजू चुकते.

वार न बघता निघणं

सगळ्यात जास्त हिरमोड इथे होतो. भायखळ्याची राणीची बाग आणि तिच्याच आवारातलं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय, दोन्ही बुधवारी बंद असतात. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सोमवारी बंद, म्हणजे कान्हेरीची लेणीही गेली. घारापुरीलाही सोमवारी सुट्टी. त्यामुळे सोमवार-बुधवारच्या मुक्कामात आधी वार मांडा आणि मग ठिकाणं बसवा. चुकून बुधवारी भायखळ्याला पोचलातच, तर गेटवर हुज्जत घालू नका. टॅक्सी करून सरळ गिरगाव गाठा.

राणीची बाग मात्र सोडू नका. तिथे एक दगडी हत्ती उभा आहे. पोर्तुगीजांनी ज्या हत्तीवरून घारापुरीला ‘एलिफंटा’ म्हटलं, तोच हा. 1864 मध्ये त्याला विलायतेला न्यायचं ठरलं, उचलताना तो पडला आणि त्याचे तुकडे झाले. पुढे 1914 मध्ये ते तुकडे जोडून तो पुन्हा उभा केला. मागच्या वेळी घारापुरीला जाऊन आलेल्यांनी या हत्तीसमोर पाच मिनिटं थांबावंच. तो घारापुरीचा आहे हे माहीत नसल्यामुळे माणसं त्याच्या बाजूने पेंग्विन बघायला निघून जातात, याचं मला खरंच वाईट वाटतं. शेजारचं संग्रहालय 1872 मध्ये लोकांसाठी उघडलं. आतल्या मातीच्या छोट्या प्रतिकृतींमधून जुन्या मुंबईतली माणसं, त्यांचे पेहराव आणि धंदे समोर येतात. लहान मुलं बरोबर असली तरी इथे कंटाळत नाहीत.

रविवारी दुपारी लोकलच्या भरवशावर राहणं

मध्य आणि हार्बर रेल्वेवर रविवारी बहुधा मेगाब्लॉक, म्हणजे रुळांच्या दुरुस्तीची कामं असतात. गाड्या दुसऱ्या मार्गावर वळवतात, काही स्टेशनांवर थांबतच नाहीत. शनिवारी त्याची बातमी येते, ती वाचा. अडकलातच तर भूमिगत मेट्रो 3 वापरा. ती आता आरेपासून कफ परेडपर्यंत धावते आणि गिरगावला तिचं स्टेशन आहे.

माटुंग्याला जायचं आणि भलत्याच माटुंग्याला उतरायचं

मध्य रेल्वेवर माटुंगा, पश्चिमेवर माटुंगा रोड आणि हार्बरवर किंग्ज सर्कल, ही तीन वेगळी स्टेशनं आहेत. दाक्षिणात्य खाण्यासाठी जो माटुंगा प्रसिद्ध आहे तो पूर्वेला आहे, म्हणून मध्य रेल्वेचं माटुंगा किंवा किंग्ज सर्कल धरा. मध्य रेल्वेची फास्ट गाडी माटुंग्याला थांबत नाही. चुकून फास्टमध्ये चढलात तर दादरला उतरून स्लो पकडा, दारात उभं राहून धडपड करू नका. माटुंगा रोडला उतरलात तर आधी पूल ओलांडून पूर्वेला या, मगच पत्ता विचारा.

गिरगावात घाईघाईने फिरणं

माझं मन इथे रमतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो. सकाळी लवकर वाळकेश्वरला बाणगंगेवर जा. समुद्र हाकेच्या अंतरावर असूनही या कुंडाचं पाणी गोडं आहे. चौकोनी कुंड, पायऱ्या, दगडी दीपमाळा, पाण्यात बदकं, भोवताली जुनी देवळं. गोव्याशी नातं असलेला कवळे मठही इथेच आहे. पण हे नुसतं बघायचं ठिकाण नाही. पायऱ्यांवर श्राद्धविधी चाललेले असतात, पितृपक्षात तर गर्दीच असते. कुणी पिंडदान करत असताना त्याच्यावर मोबाइल रोखणं ही तिथली सगळ्यात मोठी चूक.

तीच गोष्ट खोताच्या वाडीची. गिरगावातल्या सेंट तेरेसा चर्चजवळच्या गल्लीत शिरलं की लाकडी सज्जे, बाहेरून चढणारे जिने आणि रंगीत कठडे दिसू लागतात. ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईतली मूळची ख्रिस्ती कुटुंबं इथे पिढ्यानपिढ्या राहत आली आहेत. पहिल्यांदा गेलो तेव्हा मी एका सज्जाचा फोटो काढायला हात वर केला. आतून एक आजी मराठीत म्हणाल्या, “काय पाहिजे बाळा?” मी मोबाइल खाली घेतला, माफी मागितली आणि विचारलं. त्यांनी आधी दोरीवरचे वाळत घातलेले कपडे काढले, मग म्हणाल्या, “आता काढ.” तेव्हापासून मी विचारल्याशिवाय फोटो काढत नाही, आणि बरोबरच्या पाहुण्यांनाही काढू देत नाही. पाच-सहा जणांनी एकदम गलका करत वाडीत शिरू नये, गल्ली अगदी अरुंद आहे.

मग भूक लागते. फणसवाडीजवळ विनय हेल्थ होममध्ये मिसळ खा, पण कोल्हापूरच्या झणझणीतपणाशी तुलना करत बसू नका. मुंबईची मिसळ सौम्य असते, तिची चव वेगळी घ्यायची. वर पणशीकरांकडे पियूष.

जेवणाची वेळ घसरू देणं

जुनी खाणावळवजा हॉटेलं दिवसभर उघडी नसतात. माटुंगा स्टेशनच्या पूर्वेला पहिल्या मजल्यावर रामा नायक यांचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग आहे, 1942 पासूनचं. केळीच्या पानावर जेवण, वाढपी सतत फिरत असतात. ते सोमवारी बंद असतं, आणि दुपारचं जेवण ठरावीक वेळेतच मिळतं. तीन वाजता पोचून “काहीतरी द्या हो” म्हणण्यात अर्थ नाही. साडेबाराच्या आत पोचा. बॅलार्ड इस्टेटमधलं ब्रिटानिया हे इराणी हॉटेलही दुपारचंच, तिथला बेरी पुलाव संध्याकाळच्या बेतात धरू नका.

वेळ हुकलीच तर उपाशी राहू नका. माटुंग्यातच राम आश्रयमध्ये इडली आणि उपमा मागवा. बसायला जागा नसेल तर दारात नाव सांगून थांबा, रांग पटकन सरकते. शेवटी फिल्टर कॉफी सांगायला विसरू नका. ती वाटी-पेल्यात येते, आणि गरम असते, म्हणून पहिला घोट वाटीत ओतून घ्या.