छोट्या खासगी प्राणिसंग्रहालयांवर वाद कसा घालावा

छोट्या खासगी प्राणिसंग्रहालयांविषयीचा वाद बहुधा पहिल्या पाच मिनिटांतच फसतो. एक जण प्राण्यांना कोंडणे हेच पाप आहे असे म्हणत असतो, दुसरा आमच्या मुलांनी वाघ पाहायचा तरी कुठे असे विचारत असतो, आणि आपण दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे देत आहोत हे दोघांच्याही लक्षात येत नाही. म्हणून वादाला बसण्यापूर्वी विषय कागदावर दोन भागांत लिहून घ्यावा. प्रदर्शनासाठी प्राणी बंदिवासात ठेवणे मुळात योग्य आहे का, हा नीतीचा प्रश्न आहे. अमुक ठिकाणी असलेले प्राणी नीट जगत आहेत का, हा कल्याणाचा प्रश्न आहे. पहिल्याचे उत्तर 'नाही' असे देणाऱ्यालाही दुसरा टाळता येत नाही, कारण ते प्राणी आज तिथे आहेत.

त्यानंतर आपल्याकडच्या जुन्या पद्धतीने पूर्वपक्ष मांडावा, म्हणजे प्रतिपक्षाचे म्हणणे त्याच्याहूनही नेटकेपणे आपण सांगावे. खासगी मालकाची बाजू दिसते तितकी लंगडी नाही. तीस-चाळीस प्राणी असलेल्या ठिकाणी प्रत्येक प्राण्याची खोड सांभाळणाऱ्याला तोंडपाठ असते, खाद्य बदलायचे असेल तर निविदा काढावी लागत नाही, आणि सरकारी बागांतील रिक्त पदांचा रोगही तिथे नसतो. विरोधकाची बाजूही नीट मांडायला हवी. सारे एका माणसाच्या इच्छेवर व प्रकृतीवर चालते, तिकिटांची विक्री घसरली की पहिली कात्री पशुवैद्यकाच्या फेरीला लागते, आणि मालकानंतर या प्राण्यांचे काय याची तरतूद क्वचितच केलेली असते. लहान आकार हा आपोआप गुणही नाही व दोषही नाही, एवढे मान्य झाले तरच पुढची चर्चा कामाची होते.

भारतातील ठिकाणाबद्दल बोलत असाल तर कायदा आधी पाहावा. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 मधील कलम 38एच नुसार केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाच्या मान्यतेशिवाय कोणतेही प्राणिसंग्रहालय चालवता येत नाही. ते स्थिर असो वा फिरते, लोकांना दाखवण्यासाठी बंदिस्त प्राणी ठेवणारी जागा ही कायद्याच्या व्याख्येत बसते. सर्कसही त्यात येते. प्राण्यांना डिवचणे, त्रास देणे किंवा खाऊ घालणे कलम 38जे प्रमाणे मना आहे. 'आमचे हे प्राणिसंग्रहालय नाही, नुसता छंद आहे' असे म्हणणाऱ्याला तिकीट आहे का आणि पाहुण्यांना प्राणी दाखवले जातात का, एवढेच विचारावे. रिसॉर्टांत मकाव पोपट आणि इग्वाना ठेवण्याची जी टूम निघाली आहे तिला हा प्रश्न फार अडचणीचा ठरतो.

यापुढचा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे आणि त्यालाच लोक सर्वांत कमी वेळ देतात. तो म्हणजे नोंदी. मान्यताप्राप्त प्राणिसंग्रहालयाला दरवर्षी प्राधिकरणाकडे प्राण्यांची यादी द्यावी लागते. तिच्यात वर्षारंभीची संख्या, जन्म, बाहेरून आलेले, मृत्यू, बाहेर पाठवलेले आणि वर्षअखेरची संख्या असे रकाने असतात. चार-पाच वर्षांच्या याद्या शेजारी ठेवल्या तर कोणती जात सतत मरते आणि पुन्हा आणली जाते, हे उघड दिसते. खासगी मालकाला माहिती अधिकारात प्रश्न विचारता येत नसला, तरी प्राधिकरणाला तो विचारता येतो.

अशा आकड्यांवरून वाद कसा घालावा आणि कसा घालू नये, हे पाहायला इंग्लंडमधील कंब्रिया परगण्यातील साउथ लेक्स सफारी झूचे उदाहरण चांगले आहे. 1994 मध्ये सुरू झालेल्या या खासगी प्राणिसंग्रहालयात मे 2013 मध्ये वाघाच्या हल्ल्यात एक तरुण कर्मचारी मरण पावली आणि 2016 मध्ये न्यायालयाने कंपनीला दंड केला. पुढे डिसेंबर 2013 ते सप्टेंबर 2016 या काळात तेथे 486 प्राणी दगावल्याचे बाहेर आले आणि हा आकडा जगभर गाजला. वादात नुसता '486' फेकला तर जाणकार प्रतिपक्ष लगेच विचारेल की एकूण प्राणी किती होते. सुमारे दीड हजार होते, म्हणजे वर्षाला साधारण अकरा-बारा टक्के. शिवाय ज्या संग्रहात पक्षी आणि अल्पायुषी छोटे प्राणी भरपूर असतात तिथे मृत्यूचा दर एरवीही जास्त असतो. इथे आकड्याचा जोर निम्मा होतो. खरा मुद्दा मृत्यूंच्या कारणांत होता. तपासणी अधिकाऱ्यांना उपासमारीने खंगलेले आणि थंडीने मेलेले प्राणी आढळले, आणि गर्दी, अस्वच्छता व अपुरी पशुवैद्यकीय देखरेख यांवर त्यांनी बोट ठेवले. टाळता आले असते असे मृत्यू किती, हा प्रश्न एकूण संख्येपेक्षा कितीतरी धारदार आहे आणि त्याला शवविच्छेदनाच्या अहवालाशिवाय उत्तर नाही. मार्च 2017 मध्ये स्थानिक परिषदेने मूळ मालकाला परवाना नाकारला.

नोंदी मिळत नसतील तर पिंजऱ्यासमोर उभे राहावे, पण पाच मिनिटे नव्हे, तासभर. एकाच वाटेने येरझारा घालणे, मान सारखी हलवणे, स्वतःची पिसे उपटणे ही लक्षणे नोंदवून घ्यावीत. सोबत वेळ, तापमान आणि लोकांची गर्दीही लिहावी. बिबट्या दुपारी झोपलेला दिसला म्हणून तो दुःखी ठरत नाही, आणि खाद्याच्या वेळेआधी थोड्या येरझारा घालतो म्हणून वेडा ठरत नाही. लपायला जागा आहे का, पाणी आहे का, आणि प्राण्याला माणसांच्या नजरेआड जाता येते का, हे प्रश्न जागेच्या चौरस फुटांइतकेच मोलाचे आहेत. 'पाच स्वातंत्र्ये' हा निकष वादात हमखास येतो. त्याचे मूळ शेतातील जनावरांसाठी 1965 मध्ये ब्रिटनमध्ये झालेल्या अहवालात आहे. भूक, वेदना, भीती नसणे यावर त्याचा भर आहे, त्यामुळे किमान पातळी ठरवायला तो ठीक आहे; त्याहून पुढे जायचे असेल तर प्राण्याला दिवसभर करण्याजोगे काही आहे का, हे विचारावे लागते.

मराठी माणसांत हा वाद रंगला की हेमलकशाचे नाव निघतेच, आणि मी म्हणेन ते काढावेच, कारण तिथे सोपी उत्तरे संपतात. डॉ. प्रकाश आमटे यांचे प्राण्यांचे अनाथालय नफ्यासाठी उभे राहिले नाही. शिकारीत आई गमावलेली पिल्ले लोक आणून देऊ लागले आणि ते वाढत गेले. हेतू चांगला असल्याने माणूस आणि बिबट्या यांच्यातील थेट संपर्क योग्य ठरतो का, हा प्रश्न मात्र उरतो, आणि प्राधिकरणानेही या हाताळणीवर आक्षेप घेतला होता. आमटे यांच्याविषयी आदर असलेल्यांनीच हा मुद्दा हाती घ्यावा असे मला वाटते, कारण त्यांच्या तोंडून तो निंदा वाटत नाही. प्रतिपक्षानेही सांगावे की त्या पिल्लांना त्या काळी दुसरा पर्याय कोणता होता.

वाद मिटवताना 'बंद करा' ही मागणी कोणी केली, तर प्राणी कुठे जातील हे त्यानेच सांगावे, असा नियम आधीच ठरवून घ्यावा. सर्कशीतील वाघ, सिंह, अस्वले आणि माकडे यांच्या खेळांवरील बंदी सर्वोच्च न्यायालयाने 2001 मध्ये उचलून धरली. त्यानंतर या वाघ-सिंहांसाठी बन्नेरघट्टा, वंडलूर, तिरुपती, विशाखापट्टणम आणि जयपूर येथे बचाव केंद्रे चालवावी लागली. तेथे त्यांची पैदास होऊ दिली नाही आणि शेवटचा प्राणी म्हातारा होऊन मरेपर्यंत, म्हणजे वर्षानुवर्षे, त्यांचे मांस, औषधे आणि पगार यांचा खर्च सरकारवर राहिला. साउथ लेक्सच्या बाबतीत दुसरा मार्ग निघाला: मे 2017 मध्ये एका नव्या कंपनीला परवाना मिळाला आणि प्राणी त्याच आवारात राहिले. आपल्या मागणीतून यांपैकी कोणता मार्ग निघतो आणि त्याचा खर्च कोण उचलतो, हे बोलणाऱ्याने आकड्यासह सांगावे.