सरकारचा हात बाजारातून काढायचा असेल, तर आंदोलनात या चुका टाळा

भाव पडला की तालुक्याच्या गावी मोर्चा निघतो. तहसीलदारांना निवेदन जाते, पोच मिळते, दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो. पुढच्या हंगामात पुन्हा तोच मोर्चा आणि तारीख बदललेले तेच निवेदन. सरकारने शेतमालाच्या बाजारात ढवळाढवळ करू नये, माल कुठे, कुणाला, केवढ्याला विकायचा हे पिकवणाऱ्याला ठरवू द्यावे, यासाठी महाराष्ट्रात १९८० च्या आधीपासून माणसे रस्त्यावर उतरत आहेत. चाकणच्या कांद्यावर उभी राहिलेली शरद जोशींची शेतकरी संघटना हे त्याचे सगळ्यात मोठे रूप. देशात इतर कुठे खुल्या बाजारासाठी खेड्यापाड्यातून अशी चळवळ उभी राहिल्याचे मला माहीत नाही. तिचा वारसा सांगणाऱ्या कार्यकर्त्यांच्या हातून ज्या चुका पुन्हा पुन्हा होतात, त्यांतल्या काही इथे लिहितो आहे.

एकाच निवेदनात "हात काढा" आणि "हात घाला"

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. पहिली मागणी निर्यातबंदी उठवण्याची असते. दुसरी नाफेडने (केंद्रासाठी शेतमाल घेणारी सहकारी संस्था) खरेदी करावी अशी, तिसरी खताचे अनुदान वाढवण्याची आणि चौथी व्यापाऱ्यांवर सरकारने लगाम घालावा अशी. वाचणारा अधिकारी यातले काय उचलेल? ज्यात त्याच्या खात्याचे काम आणि अधिकार वाढतो, ते. निर्यातबंदी जागेवर राहते आणि खरेदी केंद्राची पाटी लागते.

कांद्याचे उदाहरण घ्या. भाव स्थिरीकरण निधीतून नाफेड जो कांदा घेते, तो साठा ग्राहकाला भाव चढू लागले की शहरांत कमी दराने विकायला काढला जातो. चाळीत उन्हाळ कांदा सांभाळून, सड आणि घट सोसून शेतकरी ज्या दोन महिन्यांची वाट बघतो, नेमका त्याच दोन महिन्यांत. म्हणजे मे महिन्यात आपणच मागून घेतलेली खरेदी सप्टेंबरात आपल्याच भावावर येऊन बसते. यावर मोर्चात कुणी बोलत नाही, कारण मागणी आपलीच होती.

"सूट सबसिडीचे नाही काम, आम्हाला हवे घामाचे दाम" ही घोषणा ज्यांनी दिली, त्यांचे म्हणणे साफ होते. सरकार एका हाताने अनुदान देते आणि दुसऱ्या हाताने निर्यातबंदी, साठामर्यादा, जिल्हाबंदी, आयात असे मार्ग वापरून त्याहून जास्त काढून घेते. हे नुसते भाषणातले वाक्य राहिलेले नाही. ओईसीडी (मुख्यतः श्रीमंत देशांची आर्थिक संघटना) आणि इक्रिअर (दिल्लीतली आर्थिक संशोधन संस्था) यांच्या २०१८ च्या अभ्यासात २००० ते २०१६ या काळासाठी भारतीय शेतकऱ्याला मिळालेला एकूण आधार शेती उत्पन्नाच्या सरासरी उणे १४ टक्के निघाला. अनुदाने धरूनही उणे. हा आकडा तोंडपाठ ठेवा. "तुम्हाला वीज फुकट, कर नाही, मग अजून काय हवे?" असे शहरातला नातेवाईक विचारतो, तेव्हा तो लागतो.

उपाय सोपा आहे, करायला मात्र जड जातो. निवेदनात एक मागणी ठेवा, फार तर दोन, आणि दोन्ही सरकारने काहीतरी सोडण्याच्या असाव्यात. संघटनेतल्या काही जणांना नुकसानभरपाई किंवा खरेदी केंद्र हवेच असेल, तर त्यांनी ते वेगळ्या कागदावर, वेगळ्या दिवशी मागावे. यावर बैठकीत वाद होतील. मोर्चाच्या आधी ते झालेले बरे.

दार एकाचे, ठोठावणे दुसऱ्याचे

५ जून २०२० ला अध्यादेश निघाला आणि जीवनावश्यक वस्तू कायद्यात बदल झाला. कांदा, बटाटा, डाळी, तेलबिया यांच्यावर एरवी साठामर्यादा लागणार नाही, असे ठरले. फलोत्पादनाच्या मालाचे किरकोळ भाव दुप्पट झाले तरच ती लावता येणार होती. अनेक गावांत पेढे वाटले गेले. १४ सप्टेंबरला कांद्याची निर्यात बंद झाली. ऑक्टोबरमध्ये साठामर्यादाही आली, घाऊक व्यापाऱ्याला २५ टन आणि किरकोळ विक्रेत्याला २ टन. अध्यादेश फसवा होता म्हणून लोक चिडले. निर्यातबंदीपुरते बोलायचे तर तिचा त्या अध्यादेशाशी संबंधच नव्हता. ती विदेश व्यापार कायदा, १९९२ खाली विदेश व्यापार महासंचालनालयाच्या एका अधिसूचनेने येते आणि दुसऱ्या अधिसूचनेने जाते. संसदेत त्यासाठी काही मांडावे लागत नाही.

२०२३ मध्ये हेच आणखी स्पष्ट दिसले. ऑगस्टमध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लागले, ते अर्थ मंत्रालयाकडून. डिसेंबरमध्ये बंदी आली, ती वाणिज्य मंत्रालयाकडून. ४ मे २०२४ ला बंदी उठली तेव्हा ४० टक्के शुल्क होते आणि वर टनाला ५५० डॉलर किमान निर्यातमूल्य होते, म्हणजे त्याहून स्वस्तात माल बाहेर पाठवता येत नव्हता. बंदी उठवा एवढीच मागणी घेऊन बसलेल्यांचे आंदोलन कागदावर यशस्वी झाले आणि लासलगावच्या लिलावात त्याचा जेमतेम उपयोग झाला. शुल्क पूर्ण जायला १ एप्रिल २०२५ उजाडावा लागला.

म्हणून निवेदन लिहिण्याआधी ती अधिसूचना काढा, तिचा क्रमांक आणि तारीख लिहून घ्या आणि सही कुणाची आहे ते बघा. साठामर्यादा असेल तर केंद्राचे ग्राहक व्यवहार खाते. बाजार समितीचा प्रश्न राज्याच्या १९६३ च्या कायद्याखाली, म्हणजे पणन खाते. वायदेबाजारातल्या व्यवहारांवरच्या बंदीसाठी सेबी, म्हणजे त्या बाजाराची नियामक संस्था. साखर कारखान्यांमधल्या २५ किलोमीटर हवाई अंतराच्या अटीसाठी ऊस नियंत्रण आदेश, १९६६. त्यात केंद्राची अट १५ किलोमीटरची, ती २५ वर नेली राज्याने. तहसीलदार यातल्या कशालाच हात लावू शकत नाहीत, ते निवेदन फक्त वर पाठवतात. प्रत त्यांना जरूर द्या, पण मूळ कागद सही करणाऱ्याकडे जाऊ द्या आणि एक प्रत खासदाराच्या हातात देऊन त्यावर तारांकित प्रश्न (संसदेत मंत्र्याने तोंडी उत्तर द्यायचा) मागा.

निवेदनाचे पुढे काय झाले ते न विचारणे

महिना झाला, उत्तर नाही, तर माहितीचा अधिकार वापरा. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. राज्याच्या कार्यालयात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत बसवावा लागतो, नाहीतर तो परत येतो. "बंदी का घातली?" असा प्रश्न विचारलात तर हमखास टाळले जाते, कारण कारण सांगणे त्यांच्यावर बंधनकारक नाही, असलेला कागद दाखवणे मात्र आहे. फाइलवरच्या टिपण्यांची प्रत मागा. अमुक तारखेच्या निवेदनावर कोणत्या टेबलावर काय शेरा पडला, ते मागा. उत्तर आले नाही तर ३० दिवसांत पहिले अपील करा. ते करणारे फार थोडे, त्यामुळे अपील करणाऱ्याचे नाव कार्यालयात लक्षात राहते.

दिल्लीकडे बघताना हातातली पट्टी न वाचणे

बैठकीला दहा जणांना आपापली हिशेब पट्टी, म्हणजे माल विकल्यावर मिळणारा हिशेबाचा कागद, घेऊन यायला सांगा. मालाच्या रकमेखाली हमाली, तोलाई, वाराई, कधी अडत (अडत्याची दलाली), कधी "इतर" असे लिहिलेले दिसेल. एकेका कपातीवर बोट ठेवून विचारा: ही कोणत्या नियमाने? फळे-भाजीपाला नियमनमुक्त (बाजार समितीच्या बंधनातून मोकळा) करताना २०१६ मध्ये राज्याने अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायची असे ठरवले. बाजार फी तर कायद्यानेच खरेदीदाराने द्यायची असते. तरीही यातले काही पट्टीवर दिसले, तर पट्टीची झेरॉक्स जोडून जिल्हा उपनिबंधकांकडे लेखी तक्रार करा.

या कामाला गर्दी लागत नाही आणि निकाल त्याच हंगामात दिसतो. शिवाय नवा कार्यकर्ता यातून घडतो. "मक्तेदारी" हा त्याच्यासाठी भाषणातला शब्द उरत नाही, तो क्विंटलमागे किती रुपयांना पडतो हे त्याने स्वतः बेरीज करून पाहिलेले असते.

सुधारणा वरून आली म्हणून निर्धास्त राहणे

शेतमालाची विक्री, करारशेती आणि साठा यांवरची बंधने सैल करणारे २०२० चे तीन कृषी कायदे आले तेव्हा अनेकांना वाटले, चाळीस वर्षांचे काम झाले. ते अध्यादेशाने आले, राज्यसभेत आवाजी मतदानाने मंजूर झाले, जानेवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना स्थगिती दिली आणि एक समिती नेमली. १९ नोव्हेंबरला ते मागे घेण्याची घोषणा झाली आणि २९ तारखेला संसदेने ते रद्द केले. न्यायालयाच्या समितीत शेतकरी संघटनेचे अनिल घनवट होते. समितीपुढे आलेल्या ७३ संघटनांपैकी ६१ कायद्यांच्या बाजूच्या होत्या. दिल्लीच्या सीमेवर बसलेल्या संघटना समितीपुढे आल्याच नव्हत्या हेही लक्षात ठेवायला हवे, पण पाठिंबा देणारे काही थोडे नव्हते. ते दिसले मात्र नाहीत. अहवाल मार्च २०२१ मध्ये न्यायालयात गेला आणि कायदे जाईपर्यंत लोकांपुढे आला नाही. घनवटांनी तो २०२२ मध्ये स्वतः खुला केला.

पंजाबात गहू-भात सरकार विकत घेते, ती खरेदी बंद होईल ही तिथल्या शेतकऱ्याची भीती खरी होती. तिच्याशी बोलायला इथून कुणी गेले नाही. महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी लोकांनी तीस वर्षे भोगली होती. १९७२ पासून कापूस फक्त सरकारला विकायचा, राज्याबाहेर न्यायचा नाही, पैसे हप्त्यांनी. विदर्भातल्या शेतकऱ्याने हा अनुभव भटिंड्यात जाऊन सांगितला असता तर चित्र वेगळे झाले असते असा माझा दावा नाही, पण तो न सांगणे ही आपली चूक होती. कायदा आला की काम सुरू होते: गावसभेत तो वाचा, मुख्य शंका लिहून काढा, विरोधकांना चहाला बोलवा.

कोर्टात जाऊ, एका फटक्यात निकाल लागेल

असे म्हणणारा प्रत्येक बैठकीत एकतरी असतो. १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने नववे परिशिष्ट आले आणि त्यात टाकलेल्या कायद्यांना मूलभूत हक्कांच्या कसोटीपासून संरक्षण मिळाले. आज त्यात २८४ नोंदी आहेत आणि त्यांतले बहुतेक कायदे जमिनीचे. महाराष्ट्राचा १९६१ चा शेतजमीन धारणा कायदा, म्हणजे सिलिंगचा (जमीन किती ठेवता येईल याची मर्यादा घालणारा), त्यातच आहे. २४ एप्रिल १९७३ नंतर टाकलेल्या कायद्यांना घटनेच्या मूलभूत चौकटीवरून आव्हान देता येते, असे न्यायालयाने २००७ मध्ये म्हटले. सिलिंगचा कायदा त्याआधीच परिशिष्टात गेलेला. किसानपुत्र आंदोलन १८ जून हा दिवस शेतकरी पारतंत्र्य दिवस म्हणून पाळते, तो याच दुरुस्तीमुळे.

सिलिंग हा राज्याचा विषय आहे, विधानसभा तो बदलू शकते. वकिलाच्या फीचे पैसे आमदारांच्या मतदारसंघांत फिरण्यावर खर्च करा.

कायदेभंग करायचा, पण तयारीविना

१० जून २०१९ ला अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहांगीर इथे शेतकरी जमले आणि परवानगी नसलेले तणनाशक-सहनशील कापसाचे बियाणे सगळ्यांदेखत पेरले. त्या वेळी पर्यावरण संरक्षण कायद्यात पाच वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख दंड होता. तारीख आधीच जाहीर, शेत स्वतःचे, गुन्हा कोणता लागणार हे ठाऊक. गुन्हे दाखल झालेही. कायदेभंग असा करायचा असतो.

रात्री रस्त्यावर टायर पेटवणे किंवा एसटीची काच फोडणे हे त्याच्या नेमके उलट. माझ्या मालावर माझा हक्क आहे असे सांगणाऱ्याने दुसऱ्याचा दुधाचा टँकर ओतला, तर पुढचे एक वाक्यही कुणी ऐकून घेणार नाही, आणि घेऊही नये.

आणखी एक गोष्ट आग्रहाने सांगतो. भरतीची तयारी करणाऱ्या पोरांना रास्ता रोकोच्या पुढच्या रांगेत बसवू नका. चारित्र्य पडताळणीत दाखल गुन्हा दिसतो. "आंदोलनाचे गुन्हे सरकार मागे घेते" असे त्यांना सांगितले जाते, पण त्याला जीवितहानी नसण्याची आणि नुकसानीच्या मर्यादेची अट असते, समितीची शिफारस लागते, शेवटी न्यायालयाची परवानगी लागते. यात वर्षे जातात आणि वयोमर्यादा थांबत नाही. पुढे बसायचे ते चाळिशी ओलांडलेल्यांनी, आणि अटकेच्या दिवशी जामीनदार व वकील कोण हे आदल्या रात्री ठरलेले असावे.

सगळ्या कायद्यांविरुद्ध एकदम लढणे

गडचिरोली जिल्ह्यातल्या देवाजी तोफांच्या मेंढा (लेखा) गावाने बांबूच्या वाहतूक परवान्याचा एकच प्रश्न धरून ठेवला. एप्रिल २०११ मध्ये परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले आणि गाव आपला बांबू स्वतः विकू लागले. शेतात लावलेल्या बांबूला मात्र २०१७ पर्यंत थांबावे लागले. तेव्हा वन कायद्याच्या व्याख्येत दुरुस्ती होऊन तो "झाड" राहिला नाही, आणि तोड-वाहतुकीची परवानगी सुटली. एका व्याख्येतला एक शब्द निघाला. तुमच्या तालुक्यात असा कोणता शब्द आहे, तो शोधा.

सातबाऱ्यावर घरातल्या बाईचे नाव नसणे

चांदवडच्या १९८६ च्या अधिवेशनात लाखो स्त्रिया आल्या आणि त्यातून पुढे लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम निघाला. कुठलाही कायदा नसताना नवऱ्याने आपखुशीने जमीन बायकोच्या नावे करायची. ज्या गावात शंभर जणांनी ते केले, तिथे शरद जोशी स्वतः जात. मालमत्तेच्या हक्कासाठी लढणाऱ्या संघटनेने आधी आपल्या घरात तो दिला, हे समोरच्याला पटवायला वेगळे भाषण लागत नव्हते.

आज बैठकांना बायका दोन-चार, त्याही मागे. तालुका कार्यकारिणी निवडायच्या आधी सगळ्या पदाधिकाऱ्यांनी आपापला सातबारा टेबलावर ठेवावा. फेरफारासाठी तलाठ्याकडे जावे लागेल; हक्कसोड की बक्षीसपत्र, मुद्रांक किती, हे एकाने एकदाच विचारून सगळ्यांना सांगितले तर बाकीच्यांच्या चकरा वाचतील.