मागची उंची वाढवली? ब्रेकचा वॉल्व्हही बघा

जुन्या छोट्या पिकअपची मागची उंची वाढवल्यावर ब्रेक कमी लागत असतील, तर लायनर बदलायची घाई नको. बऱ्याच मॉडेलमध्ये चासीवर, एक्सलला सळईने जोडलेला, भारानुसार दाब बदलणारा वॉल्व्ह असतो. चासी आणि एक्सलमधलं अंतर वाढलं की त्याच्या लेखी गाडी रिकामी! तो मागच्या ब्रेकचा दाब कापतो. म्हणून एक्सलवरचा सळईचा ब्रॅकेट वाढलेल्या अंतराइतकाच वर घ्या. सळई वाकवू नका. अंतर मोजूनच ठरवा, कारण मूळपेक्षा ५० मिमी जास्त लांब शॅकलने (पाट्याचं टोक चासीला जोडणाऱ्या पट्टीने) एक्सलपाशी साधारण २५ मिमीच फरक पडतो. गाडी खाली बसवली असेल तर उलटं: रिकाम्या गाडीची मागची चाकं लॉक होतात. पाटे खोललेच आहेत, तर ते एक्सलला आवळणारे यू-बोल्ट नवेच घाला.