मेल सर्व्हरची डिस्क वाढवताना या चुका टाळा

लिनक्सवर पोस्टफिक्स (मेल घेणारे-पाठवणारे सॉफ्टवेअर) आणि डव्हकॉट (मेल साठवून लोकांना दाखवणारे), मेलडिर पद्धतीने (प्रत्येक मेल वेगळ्या फाइलमध्ये) साठवलेले मेल, खाली कधीतरी घेतलेली १ टीबीची डिस्क. तीस-चाळीस जणांच्या ऑफिसात ही जुळणी सर्रास दिसते. डिस्क भरते ती मजकुराने नव्हे, अटॅचमेंटने. १० एमबीची ड्रॉइंगची पीडीएफ मेलमधून जाताना बेस-६४ मध्ये बदलते, तीन बाइटचे चार होतात, आणि ओळी तोडल्याची भर धरून ती साधारण १३.७ एमबीची होते. एक प्रत पाठवणाऱ्याच्या सेंटमध्ये, एक घेणाऱ्याच्या इनबॉक्समध्ये, कोणी फॉरवर्ड केली की आणखी दोन.

मग एक दिवस लॉगमध्ये '४५२ ४.३.१ इनसफिशियंट सिस्टिम स्टोरेज' दिसायला लागते आणि धावपळ सुरू होते. खरे तर धावपळीचे कारण नाही. ४ ने सुरू होणारा कोड म्हणजे 'आत्ता नको, नंतर ये'. समोरचा सर्व्हर मेल स्वतःच्या रांगेत ठेवून पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. पोस्टफिक्समध्ये ही मुदत मुळातच ५ दिवसांची असते. मेल कायमचा परत जातो तो ५ ने सुरू होणाऱ्या कोडमुळे. म्हणजे पूर्ण बंद ठेवलेला सर्व्हर सहसा मेल हरवत नाही, अर्धवट चालू ठेवलेला हरवतो. खालच्या बहुतेक चुकांच्या मुळाशी 'सर्व्हर दोन तासही बंद नको' हा हट्ट असतो. शनिवारी रात्री चार तास सरळ बंद ठेवा. ओटीपीसारखे मेल तेवढे वाया जातील, बाकीचे रविवारी सकाळी येतील.

नेमके काय भरले ते न बघता डिस्क मागवणे

मोकळी जागा दाखवणारी डीएफ कमांड एकदा 'एच' पर्यायाने (जागेसाठी) आणि एकदा 'आय' पर्यायाने (आयनोडसाठी) चालवा. दुसरी बहुतेक जण चालवतच नाहीत. मेलडिरमध्ये एक मेल म्हणजे एक फाइल, आणि प्रत्येक फाइलला एक आयनोड, म्हणजे फाइल सिस्टिममधली नोंदीची जागा, लागतो. ईएक्सटी४ या लिनक्सच्या नेहमीच्या फाइल सिस्टिममध्ये (डिस्कवर फाइली मांडण्याच्या पद्धतीत) आयनोडची संख्या फॉरमॅट करतानाच ठरते, मूळ प्रमाण दर १६ केबीला एक. ते सहसा पुरते. पण कोणी 'लार्जफाइल' पर्यायाने फॉरमॅट केले असेल तर दर १ एमबीला एकच आयनोड मिळतो, आणि अर्धी डिस्क रिकामी असताना 'नो स्पेस लेफ्ट' येते. चालू फाइल सिस्टिमवर हे प्रमाण बदलता येत नाही, नव्याने फॉरमॅट करावे लागते. एक्सएफएस या दुसऱ्या फाइल सिस्टिममध्ये आयनोड लागतील तसे तयार होतात. मात्र एक्सएफएस वाढवता येते, कमी करणे जवळपास अशक्य, हे निवडतानाच लक्षात ठेवा.

फाइल पुसूनही जागा मोकळी झाली नसेल, तर कुठल्या तरी प्रोसेसने ती उघडी धरलेली असते. उघड्या फाइली दाखवणाऱ्या एलएसओएफ कमांडला 'अधिक मोठे एल १' हा पर्याय दिला की अशा पुसलेल्या पण न सोडलेल्या फाइली दिसतात. बहुधा एखादा अवाढव्य लॉग सापडतो. ती सेवा रीस्टार्ट केली की काम झाले.

आणि तातडीची सोय हवी असेल तर एक जागा आधीच राखून ठेवलेली असते. ईएक्सटी४ रूटसाठी (सर्वाधिकारी युजरसाठी) ५ टक्के जागा बाजूला ठेवते. २ टीबीवर ही जागा १०० जीबी होते. फक्त मेलसाठी असलेल्या पार्टिशनवर एवढ्याची गरज नाही. ट्यून२एफएस कमांडला 'लहान एम १' दिले की ती १ टक्क्यावर येते, तेही सर्व्हर चालू असताना. काही आठवडे निघतात. लिनक्स स्वतः असलेल्या रूट पार्टिशनवर मात्र हा उद्योग करू नका.

जागा करण्याच्या नादात भलतेच पुसणे

मेलडिरमध्ये शिरून आरएम (फाइल पुसण्याची कमांड) चालवणे म्हणजे हात दाखवून अवलक्षण. फाइली जातात, कोट्याचा, म्हणजे प्रत्येकाला ठरवून दिलेल्या जागेचा, हिशेब जुनाच राहतो, आणि रिकाम्या मेलबॉक्सवाल्याला 'कोटा फुल' दिसते. डव्हॲडम या डव्हकॉटच्या व्यवस्थापन साधनाची एक्सपंज (मेल पुसण्याची) कमांड वापरा: ट्रॅश आणि जंक फोल्डरमधले, ३० दिवसांपूर्वी तिथे आलेले मेल. आधी त्याच अटी देऊन सर्च चालवा आणि किती मेल सापडतात ते मोजा, मगच एक्सपंज. आधीच आरएम झाले असेल तर कोटा रीकॅल्क चालवून हिशेब जुळवून घ्या. एमडीबॉक्स पद्धत (एका फाइलमध्ये अनेक मेल) असेल तर एक्सपंजनंतर डव्हॲडम पर्ज चालवल्याशिवाय एक बाइटही मोकळी होत नाही. शिवाय त्या पद्धतीत इंडेक्स (मेलच्या यादीच्या) फाइली पुसल्या तर वाचलेले-न वाचलेले या खुणा जातात. मेलडिरचे इंडेक्स पुन्हा तयार होतात म्हणून 'इंडेक्स पुसले तरी चालतात' हा समज पसरला आहे. तो सगळीकडे लागू नाही.

जुने लॉग आणि जुने मेल सरसकट उडवण्याआधी कायद्याचाही विचार करा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस ठेवायचे आहेत. जीएसटीच्या नोंदी वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने सांभाळाव्या लागतात, आणि कित्येक ऑफिसांत पुरवठादाराचे बिल फक्त मेलमध्येच असते. अकाउंट्सवाल्यांना विचारल्याशिवाय त्यांच्या फोल्डरला हात लावू नका.

डिस्कचा हिशेब अंदाजाने करणे

समजा आज ९०० जीबी मेल आहेत आणि महिन्याला १२ जीबी वाढतात. तीन वर्षांत ४३२ जीबीची भर, एकूण १,३३२. डिस्क तीन-चतुर्थांशाच्या वर भरू द्यायची नाही असे धरले तर १,७७६ जीबी हवेत. '२ टीबी पुरेल' असे वाटते. पण दोन टीबीची डिस्क डीएफमध्ये १.८ टीबीच दिसते, आणि राखीव जागा त्यातूनच जाते. म्हणजे पहिल्या दिवसापासून काठावर. ४ टीबी घ्या. मात्र २ टीबीच्या पुढे जुने एमबीआर पार्टिशन टेबल (डिस्कचे भाग कुठे सुरू होतात-संपतात याची नोंद) चालत नाही, नवे जीपीटी लागते. डिस्क ४ ची आणि जागा २ चीच, ही तक्रार बहुतेक वेळा इथली असते.

रेडसाठी (अनेक डिस्क जोडून, एक गेली तरी डेटा टिकवणाऱ्या रचनेसाठी) स्वस्त एसएमआर डिस्क (माग एकमेकांवर चढवून लिहिणाऱ्या) घेऊ नका. लहान लहान फाइलींच्या सततच्या लिखाणात त्या दम टाकतात आणि रीबिल्ड (बदललेल्या डिस्कवर डेटा पुन्हा भरणे) लांबतच जातो. एसएसडी घेत असाल तर वीज गेल्यावर हातातला डेटा लिहून पूर्ण करणारी, म्हणजे पॉवर लॉस प्रोटेक्शन असलेली घ्या. मेल सर्व्हर प्रत्येक मेलला 'डिस्कवर पक्के लिहिले का' विचारतो, आणि आपल्याकडची वीज कधी जाईल याचा नेम नाही.

कॉपी: इथेच सगळ्यात जास्त घोळ होतात

मेलडिरमधली फाइल अशी दिसते: '१७०१२३४५६७.एम२१पी४५६.मेल,एस=८४५२१:२,एस'. शेवटचा 'एस' म्हणजे मेल वाचला आहे. उत्तर दिले की 'आर' जोडला जातो, तारांकित केला की 'एफ'. म्हणजे मेलची स्थिती फाइलच्या नावातच असते, आणि स्थिती बदलली की नाव बदलते. या एका गोष्टीतून तीन अपघात होतात.

पहिला, नावात अपूर्णविराम आहे. एक्सफॅट फॉरमॅटच्या पोर्टेबल डिस्कवर 'तात्पुरते काढून ठेवू' म्हटले की या फाइली जात नाहीत, किंवा नावे बदलून जातात. लिनक्स फाइल सिस्टिमवरच उतरवा, नाहीतर टार कमांडने एकत्र बांधून एकच फाइल न्या.

दुसरा, कॉपी दोन-तीन फेऱ्यांत होते. पहिली फेरी सर्व्हर चालू असताना. दरम्यान कोणी शंभर मेल वाचले तर त्या शंभर फाइलींची नावे बदलली. दुसऱ्या फेरीत नवी नावे उतरतात, पण जुनीही तिकडे पडूनच राहतात. परिणाम: सोमवारी सकाळी प्रत्येकाला एकच मेल दोनदा, एक वाचलेला आणि एक न वाचलेला. म्हणून शेवटच्या फेरीला आरसिंक या कॉपीच्या कमांडचा 'डिलीट' पर्याय (स्रोतात नसलेल्या फाइली ठिकाणावरून पुसणारा) हवाच, आणि ती फेरी पोस्टफिक्स व डव्हकॉट दोन्ही बंद करूनच. डिलीट चालवण्याआधी 'ड्राय-रन' (प्रत्यक्ष बदल न करता चाचणी) करून स्रोत आणि ठिकाण उलटे पडले नाहीत ना, ते बघा. उलटे पडले तर रिकाम्या डिस्कसारखीच भरलेली डिस्कही रिकामी होते.

तिसरा अपघात पर्यायांचा. आरसिंकला लहान ए, मोठे एच, मोठे ए, मोठे एक्स आणि 'न्यूमेरिक-आयडीज' द्या. मोठे एच हार्ड लिंक (एकाच फाइलची दोन नावे) जपते. डव्हकॉट एका फोल्डरमधून दुसऱ्यात मेल कॉपी करताना हार्ड लिंक वापरतो. हा पर्याय विसरला तर ९०० जीबीचे जास्त होतात आणि हिशेब कोलमडतो. लहान ए मुळे फाइलची वेळ टिकते. ती गेली की डव्हकॉट मेल आल्याची तारीख म्हणून कॉपीची तारीख दाखवतो, म्हणजे सगळी वर्षे एकाच शनिवारी. सीपी कमांड साधी चालवली की नेमके हेच होते.

'डव्हकॉट-यूआयडीलिस्ट' ही छोटी फाइल प्रत्येक फोल्डरमध्ये असते, ती वगळू नका. तिच्यात प्रत्येक मेलचा क्रमांक असतो. ती गेली तर आउटलुक आणि थंडरबर्ड सगळे मेल नवे समजून पुन्हा उतरवतात. चाळीस जणांचे प्रत्येकी १५ जीबी म्हणजे ६०० जीबी. १०० एमबीपीएसच्या लाइनवर ती पूर्ण मोकळी असली तरी १३ तासांहून जास्त. आयमॅपसिंक या साधनाने मेल हलवले तरी क्रमांक बदलतात. डव्हकॉटवरून डव्हकॉटवर जायचे असेल तर डव्हॲडम बॅकअप क्रमांक जपतो.

ट्रॅशची साफसफाई कॉपीच्या आधीच उरका. मेलडिरमध्ये 'फोल्डरमध्ये कधी आला' ही तारीख साधारणपणे फाइलच्या सी-टाइमवरून (फाइलची नोंद शेवटची बदलल्याच्या वेळेवरून) धरली जाते, आणि सी-टाइम आरसिंकला नेता येत नाही. नव्या डिस्कवर ३० दिवसांची मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते.

रेड हॅट घराण्यातल्या अल्मा किंवा रॉकी लिनक्सवर परवानग्या बरोबर असूनही 'परमिशन डिनाइड' आले, तर एसईलिनक्स (लिनक्सचा जादा सुरक्षा पहारा) बंद करू नका. नव्या मार्गाची नोंद करून रीस्टोरकॉन (सुरक्षेच्या खुणा पुन्हा लावणारी कमांड) चालवा.

माउंट न झालेल्या डिस्कवर सर्व्हर सुरू होणे

ही चूक दोन-तीन महिन्यांनी उगवते. वीज जाऊन येते, सर्व्हर चालू होतो, नवी डिस्क माउंट होत नाही, म्हणजे तिच्या फोल्डरला जोडली जात नाही. कारण एफएसटॅबमध्ये (कोणती डिस्क कुठे जोडायची याच्या यादीत) 'एसडीबी१' असे नाव लिहिलेले असते आणि या वेळी तीच डिस्क 'एसडीसी' झालेली असते. 'नोफेल' लिहिले असल्याने बूट मात्र अडत नाही. डव्हकॉटला व्हीमेल नावाचा रिकामा फोल्डर सापडतो. तो निमूटपणे नवे मेलबॉक्स तयार करतो आणि नवे मेल रूट डिस्कवर साठवू लागतो. लोकांना इनबॉक्स रिकामा दिसतो, आणि आयमॅप क्लायंट (आउटलुकसारखा मेल दाखवणारा प्रोग्रॅम) सर्व्हरशी इमानदारीने जुळवून घेत स्वतःकडची प्रतही काढून टाकतो.

तीन गोष्टी करा. एफएसटॅबमध्ये यूयूआयडी (न बदलणारा ओळख क्रमांक) लिहा. 'सिस्टिमसीटीएल एडिट' कमांडने डव्हकॉट आणि पोस्टफिक्सच्या सेवेत 'रिक्वायर्समाउंट्सफॉर' आणि व्हीमेलचा मार्ग घाला, म्हणजे डिस्क नसेल तर सेवा सुरूच होणार नाही. आणि डिस्क माउंट करण्याआधी त्या रिकाम्या फोल्डरवर चॅट्र कमांडने 'अधिक आय' लावा, मग डिस्क नसताना रूटलाही तिथे लिहिता येत नाही. नंतर एकदा मुद्दाम रीबूट करून बघा. ही चाचणी टाळणारे बरेच.

एलव्हीएम (अनेक डिस्क मिळून एक वाढवता येणारी जागा करणारी सोय) आधीपासून असेल तर यातले पुष्कळ वाचते: नवी डिस्क पीव्हीक्रिएट, व्हीजीएक्स्टेंड, मग एलव्हीएक्स्टेंड 'लहान आर' पर्यायासह, म्हणजे फाइल सिस्टिमही सोबत वाढते. फक्त रेडमधल्या सुरक्षित जागेला एक सुटी डिस्क जोडू नका. ती एकटी गेली की सगळाच मेलसाठा जातो.

एकाच रात्री डिस्क आणि सॉफ्टवेअर

'सर्व्हर बंद आहेच, तर डेबियन १३ पण करून टाकू.' डेबियन १३ या लिनक्सच्या आवृत्तीबरोबर डव्हकॉट २.४ येतो, आणि २.३ ची कॉन्फिग फाइल त्याला चालत नाही. सुरुवातीलाच कॉन्फिगची आवृत्ती लिहावी लागते, 'मेल_लोकेशन' जाऊन ड्रायव्हर आणि मार्ग वेगवेगळे द्यावे लागतात, जुनी रेप्लिकेशनची (दोन सर्व्हर सारखे ठेवण्याची) सोय तर काढूनच टाकली आहे. रात्री दोन वाजता मेल दिसत नसेल तर दोष कॉपीचा की कॉन्फिगचा, हे कळत नाही. दोन कामांत दोन आठवडे तरी जाऊ द्या.

नवाच सर्व्हर घेत असाल तर डीएनएसचा टीटीएल (पत्त्याची नोंद इतरांनी किती वेळ धरून ठेवायची ती मुदत) दोन दिवस आधी ३०० सेकंदांवर आणा. नव्या आयपीचा पीटीआर (आयपीवरून नाव सांगणारी नोंद), एसपीएफमधली (कोणते सर्व्हर आपले मेल पाठवू शकतात त्या यादीतली) नोंद आणि डीकेआयएमची (मेलवरच्या डिजिटल सहीची) खासगी किल्ली विसरू नका. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल एसपीएफ किंवा डीकेआयएम आणि जुळणारा पीटीआर नसलेल्यांचे मेल अडवते. काही क्लाउड कंपन्या बाहेर जाणारा २५ क्रमांकाचा पोर्ट बंद ठेवतात, तो उघडून मिळेल का हे पैसे भरण्याआधी विचारा.

कामाच्या वेळी पोस्टफिक्समध्ये 'सॉफ्ट_बाउन्स' चालू ठेवा. एखादा युजर नव्या सर्व्हरवर राहून गेला, तर ५५० ऐवजी ४५० जाईल आणि मेल परत न जाता थांबेल. डव्हकॉटचा 'कोटा_फुल_टेम्पफेल'ही चालू करा. सगळे सुरळीत झाले की सॉफ्ट_बाउन्स बंद करा, नाहीतर चुकीच्या पत्त्यावर मेल पाठवणाऱ्याला पाच दिवस पत्ताच लागणार नाही.

बॅकअप मागेच राहणे

मेलची डिस्क ४ टीबीची झाली, बॅकअपचा नॅस (नेटवर्कवरचा डिस्कसाठा) मात्र २ टीबीचाच. खरेदीच्या यादीत दोन्ही एकत्र लिहा. मार्ग बदलला असेल तर बॅकअप स्क्रिप्ट जुन्या, आता रिकाम्या फोल्डरचा बॅकअप बिनतक्रार घेत राहते, आणि सात-आठ दिवसांत फिरतीच्या नियमाने चांगल्या प्रती पुसल्या जातात. पहिल्या बॅकअपचा आकार डोळ्यांनी बघा आणि त्यातून एक मेलबॉक्स दुसरीकडे उतरवून उघडून बघा. रेड किंवा स्नॅपशॉट (एका क्षणाची धरून ठेवलेली डिस्कची स्थिती) म्हणजे बॅकअप नव्हे.

सकाळी सेवा सुरू केल्यावर आतून बाहेर आणि बाहेरून आत एकेक मेल पाठवा, दोन मोठ्या मेलबॉक्समधली मेलची संख्या जुन्या डिस्कशी ताडून बघा, पोस्टक्यू चालवून रांग कमी होते आहे का ते बघा. बाहेरचे अडलेले मेल लगेच नाही येणार. पोस्टफिक्स दोन प्रयत्नांत जास्तीत जास्त ४,००० सेकंद, म्हणजे तासाहून थोडे अधिक थांबतो. जुनी डिस्क काढून तारखेची चिठ्ठी लावून निदान महिनाभर कपाटात ठेवा. ती दुसऱ्या पीसीला लावायची हौस कोणाला तरी येतेच, म्हणून चिठ्ठीवर 'फॉरमॅट करू नये' हेही लिहा.